इंटर्नशिप आणि भटकंती: एकाच सुट्टीत दोन्ही बसवायचं कसं

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी हिमालयातल्या एका ट्रेकचे पैसे फेब्रुवारीतच भरून टाकले होते. शेवटचा पेपर १२ मेला, ट्रेक १८ला. मधे मिरजेला घरी जायचं, बॅग भरायची, पुण्याला परत येऊन झेलम एक्स्प्रेस पकडायची, सगळं वहीत लिहून ठेवलेलं. मेच्या पहिल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर कागद लागला: राहिलेलं प्रॅक्टिकल १६ आणि १७ला, बाहेरचे परीक्षक त्याआधी मोकळे नाहीत. ट्रेक गेला, भरलेले पैसे गेले, आणि झेलमचं कन्फर्म तिकीट मी हॉस्टेलच्या कॉटवर बसून स्वतःच्या हाताने रद्द केलं.

पुढच्या दोन सुट्ट्यांत मी एक इंटर्नशिप घराजवळच्या साखर कारखान्यात केली आणि दुसरी बंगळूरला, आणि दोन्ही वेळा फिरूनही आले. काही जमलं, काही फसलं. आत्ता पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेले आणि ‘इंटर्नशिप करू की फिरू’ म्हणत बसलेले जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मेकॅनिकलची, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येणार. वकिली आणि सायन्सवाल्यांसाठीही थोडं आहे.

१. सुट्टी मोजा, मग त्यातून दहा दिवस वजा करा

कॅलेंडर काढा आणि दोन तारखांना गोल करा. पहिली, खरोखर शेवटच्या परीक्षेची. थिअरीचा शेवटचा पेपर धरू नका. तोंडी, प्रॅक्टिकल, जर्नल सबमिशन, सगळं उरकल्याची तारीख धरा. दुसरी, पुढचं सत्र सुरू होण्याची. मधे साधारण आठ-नऊ आठवडे निघतात. यातले पहिले दहा दिवस सरळ खोडून टाका. परीक्षा पुढे ढकलल्या जातात, निवडणुकीची ड्युटी लागते, परीक्षक मिळत नाहीत. कारण कुठलंही असो, भुर्दंड आपल्याला. माझ्यासारखे पैसे घालवायचे नसतील तर या दहा दिवसांवर परत न मिळणारं एकही बुकिंग टाकू नका.

मग घरचे दिवस काढा. मे म्हणजे लग्नसराई. आमच्याकडे एका मेमध्ये तीन लग्नं होती, त्यातलं एक मावसबहिणीचं. ‘मला इंटर्नशिप आहे’ हे कारण मावशीला सांगून बघा. शिवाय दोन महिने हॉस्टेलची भाजी खाल्ल्यावर चार दिवस घरी आमरस खात लोळणं हेसुद्धा सुट्टीतच मोडतं, त्याला नाव ठेवू नका.

उरले सहा-सात आठवडे. कामाला चार आठवड्यांपेक्षा कमी देण्यात अर्थ नाही. पहिला आठवडा गेट पास, सेफ्टीचं ट्रेनिंग आणि कॉम्प्युटरचा पासवर्ड मिळवण्यातच जातो. दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला कुणाच्या तरी मागे उभं करतात. हातात काही काम पडतं ते तिसऱ्यापासून. सहा आठवडे मिळाले तर उत्तम. दोन महिन्यांचीच अट असेल तर त्या सुट्टीत लांबचा प्रवास सोडून द्या आणि शनिवार-रविवारवर भागवा. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

इंटर्नशिप क्रेडिटची असेल तर आठवडे नव्हे, तास विचारून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणाखाली पदवीला जी ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग) आलीय, तिचा हिशोब तासांत होतो, आणि शेवटी उपस्थितीच्या कागदावर तेवढे तास भरले नाहीत तर फिरण्याचे दिवस परत द्यावे लागतात. लॉच्या मुलांची गोष्ट वेगळी. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त करता येत नाही. म्हणजे त्यांच्या सुट्टीत फिरायला जागा नियमानेच करून ठेवलीय.

एटीकेटी (मागचा राहिलेला विषय) असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्या पेपरची तारीख शोधा.

२. पावसाचं कॅलेंडर लावा

आधी काम की आधी फिरणं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. याचं उत्तर कुठे जायचंय त्यावर आहे, आणि ते पाऊस देतो. हवामान खात्याच्या सर्वसाधारण तारखा अशा: मोसमी पाऊस १ जूनला केरळात, ११ जूनच्या आसपास मुंबईत, आणि ८ जुलैपर्यंत सगळ्या देशात. या फक्त सरासरी तारखा. २०२५मध्ये तो २६ मेलाच मुंबईत येऊन धडकला होता. तरी आखणीला त्या पुरतात.

हिमाचल आणि उत्तराखंडमधले मधल्या उंचीवरचे ट्रेक मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होतात. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचा कसोलहून निघणारा सर पास त्यातलाच, महाराष्ट्रातली कितीतरी मुलं पहिला बर्फ तिथे बघतात. हे करायचं असेल तर फिरणं आधी, काम नंतर. आणि वर म्हटलं तसे परीक्षेनंतर दहा दिवस सोडून. जुलैत तिकडे दरडी कोसळतात, त्या भागात तेव्हा ट्रेकच्या मागे लागू नका.

काम आधी करून जुलैत मोकळे होणार असाल तर पर्जन्यछायेतला मुलूख निवडा: लडाख किंवा स्पिती. पाऊस तिथवर फारसा पोचत नाही, आणि उंचावरच्या खिंडी तोवर उघडलेल्या असतात. पण तिथे जाणारा रस्ता ओल्या डोंगरातूनच जातो, हे लक्षात ठेवा. मी जुलैत किन्नौरमार्गे स्पितीला गेले तेव्हा पुढे दरड आल्यामुळे आमची बस सहा तास एका वळणावर उभी होती. ड्रायव्हरने खाली उतरून टपाच्या सावलीत चादर अंथरली तेव्हाच मी समजले की आज काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव, गाठणं होणार नाही. एक दिवस तिथेच गेला. हातात दोन दिवस शिल्लक ठेवले होते म्हणून परतीची गाडी चुकली नाही. लेहला विमानाने जाणाऱ्यांनीही पहिले दोन दिवस आराम धरायचाच. शहर साडेतीन हजार मीटरवर आहे, आणि पुण्या-मुंबईची फुप्फुसं पहिल्या दिवशी जिनासुद्धा चढत नाहीत. आणखी एक: बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘फोन लागत नाही’ म्हणून तिकडे घरी गोंधळ.

फुलांची दरी १ जूनला उघडते खरी, पण फुलं बघायची तर जुलैचा उत्तरार्ध किंवा ऑगस्ट. तेव्हा कॉलेज सुरू असतं. ती नोकरी लागल्यावर करा.

आपल्याकडचं वेळापत्रकही असंच आहे. काजवे मेच्या अखेरपासून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची ही नेहमीची ठिकाणं, पण शनिवारी रात्री जाऊ नका. काजव्यांपेक्षा मोटारींचे दिवे जास्त दिसतात. मालवण-मुरूडचे जलदुर्ग बघायचे असतील तर मेचा तिसरा आठवडा संपायच्या आत. त्यानंतर समुद्र खवळतो, होड्या बंद होतात त्या थेट ऑगस्टअखेरपर्यंत. मासे खायला म्हणून जूनमध्ये कोकणात जाणाऱ्यांनी हे धरून चाला की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ताडोबाचं कोअर क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद. कासची फुलं सप्टेंबरची, तिकडे या सुट्टीत काही नाही.

३. कामाची जागाच फिरण्यासारखी निवडा

हे मला उशिरा कळलं. आठ आठवड्यांच्या सुट्टीत काम सहा आठवडे आणि प्रवास दोन, असा हिशोब करून आपण रडत बसतो. पण ते सहा आठवडे नव्या गावात घालवले तर संध्याकाळी आणि रविवारी फिरणं आपोआप होतं, आणि परत यायचं भाडं धरून ते निम्म्या पैशात होतं.

बंगळूरचे माझे सहा रविवार असे गेले: एक म्हैसूर (राजवाड्यावर रविवारी संध्याकाळी दिवे लावतात, ते बघून शेवटच्या गाडीने परत), एक नंदी हिल्स, एक हंपी, एक झोपेत, एक रिपोर्ट लिहिण्यात आणि एक जोग धबधब्यापाशी. जोगला रात्रीच्या गाडीने तळगुप्प्याला उतरायचं. जुलैतला जोग आणि एप्रिलमधला जोग हे एकाच नावाचे दोन धबधबे आहेत. हंपीला मात्र मे-जूनच्या उन्हात दगड इतके तापतात की दुपारी आम्ही विठ्ठल मंदिराच्या मंडपात तीन तास नुसते पडून होतो. उटी-कोडाईचा बेत असेल तर ई-पास काढायला विसरू नका. २०२४च्या मेपासून तो लागतो.

अर्ज कधी करायचे हा याच पायरीचा भाग. सायन्सच्या मुलांना सगळ्यात चांगला सौदा आहे आणि तो बहुतेकांना उशिरा कळतो. तिन्ही विज्ञान अकादमींची मिळून जी समर रिसर्च फेलोशिप आहे, तिच्यात दोन महिने देशभरातल्या एखाद्या संशोधन संस्थेत काम करायला मिळतं, मानधन मिळतं, आणि जाण्यायेण्याचं रेल्वेभाडंही मिळतं. पण अर्ज आधीच्या हिवाळ्यात भरायचे असतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या आयुका आणि एनसीआरए, बंगळूरचं जवाहरलाल नेहरू केंद्र या संशोधन संस्थांचे स्वतःचे उन्हाळी कार्यक्रम आहेत, त्यांच्याही तारखा उन्हाळ्याच्या कितीतरी आधी संपतात. एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांच्या हाती ओळखीपाळखीची इंटर्नशिप उरते. माझी पहिली तशीच होती, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

जागा निवडताना त्या धंद्याचा हंगामही बघा. वकिलीच्या मुलांनी मेमध्ये हायकोर्ट धरलं तर रिकाम्या कॉरिडॉरमध्ये बसावं लागेल. मुंबई उच्च न्यायालयाची उन्हाळी सुट्टी तेव्हाच असते. मेमध्ये फिरा आणि जूनमध्ये कोर्ट उघडल्यावर वकिलांकडे जा. उलट साखर कारखान्यात मेकॅनिकलवाल्यांना मे-जूनसारखा काळ नाही. गळीत हंगाम संपलेला असतो, धूर नाही, उसाच्या गाड्यांची रांग नाही, आणि सबंध कारखाना खोलून ठेवलेला. पुस्तकात रेषांनी काढलेली मिल मी पहिल्यांदा पाहिली ती तुकड्या-तुकड्यांत: एका बाजूला उतरवलेले रोलर, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, आणि बॉयलरच्या पोटात शिरून नळ्या घासणारे चार लोक. हंगामात गेले असते तर नुसता आवाज ऐकून आले असते.

एक सावधगिरी. ‘सिलेक्शन झालंय, सर्टिफिकेटसाठी एवढे रुपये भरा’ असा मेल आला तर तो तिथेच पुसून टाका. इंटर्नशिपला पैसे मिळतात किंवा मिळत नाहीत. आपण द्यायचे नसतात.

४. सुट्टी आधी मागा, कामाला लागण्याच्या आधी

नवीन मुलं इथे हमखास चुकतात. संकोच वाटतो, मग ऐन वेळी ताप येतो, आजी आजारी पडते. साहेब लोकांनी अशा शंभर आज्या पाहिलेल्या असतात.

कारखान्यात मला मालवणला जायचं होतं, होड्या बंद व्हायच्या आत. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी कागदपत्रं द्यायला गेले तेव्हाच चीफ इंजिनिअर साहेबांना म्हटलं, “साहेब, एक विचारायचं होतं. २० आणि २१ मेला मला सुट्टी मिळेल का? मालवणला जायचंय, आधीच ठरलंय. त्या बदल्यात दोन रविवार येईन मी.”

ते रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाले, “कोणासोबत?”

“मैत्रिणी आहेत तिघी. घरी माहीत आहे.”

“मग २० नको. २०ला दोन नंबरच्या मिलचा टॉप रोलर उतरवणार आहेत. तो वर्षातून एकदाच निघतो. तो बघ आणि संध्याकाळच्या गाडीने जा. २१-२२ घे.” मग मान वर केली. “आधी सांगितलंस ते बरं केलंस. पोरं मधेच गायब होतात.”

रोलर क्रेनला लटकून हळूहळू बाहेर आला तेव्हा मी शेडमध्ये उभी होते, आणि रात्री साडेनऊच्या एसटीत. कोणता दिवस चुकवला तर चालतो आणि कोणता नाही, हे तिथल्या माणसालाच माहीत असतं. ते विचारायला म्हणून तरी आधी बोला.

बोलणं झालं की तारखा लेखी घ्या. ऑफर लेटरवर सुरुवात आणि शेवटची तारीख असते. सुट्टीचे दिवस त्या मेलच्या उत्तरात दोन ओळींत टाका. मार्गदर्शक बदलले (बंगळूरला माझे तिसऱ्या आठवड्यात बदलले) की तोंडी कबुलीला कोणी ओळखत नाही. आणि डोंगरातून लॅपटॉपवर काम करीन असलं कबूल करू नका. नेट जातं, काम राहतं, आणि डोंगरही धड बघून होत नाही.

५. तिकिटं

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधी उघडतं. आधी १२० दिवस होते. विद्यार्थ्यांना हे बरंच झालं, कारण चार महिने आधी कोणाला परीक्षेची तारीख माहीत असते? सकाळी ८ला खिडकी आणि ऑनलाइन दोन्ही उघडतात. मेमधल्या उत्तरेच्या गाड्या काही मिनिटांत भरतात, त्यामुळे आयआरसीटीसीवर आधीच लॉगिन करून, प्रवाशांची नावं भरून बसा. तत्काळ आदल्या दिवशी, एसी १०ला आणि स्लीपर ११ला, आणि २०२५च्या जुलैपासून त्याला आधार जोडलेलं खातं लागतं. हे जोडण्याचं काम आजच करा, तत्काळच्या सकाळी नव्हे.

परतीचं तिकीट आधी काढा, जाण्याचं नंतर. उलटं वाटतं, पण इंटर्नशिप किंवा कॉलेज सुरू होण्याची तारीख तुमच्या हातात नसते, निघण्याची थोडीफार असते. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि गाडीत चढता येत नाही. आरएसी असेल तर खुशाल चढा, बसायला तरी मिळतं.

कॉलेज ते घर या प्रवासासाठी विद्यार्थ्यांना स्लीपरला सवलत आहे. फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात मिळतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. क्लार्क काका जेवायला गेलेले असतात, तेव्हा परीक्षेच्या आधीच फॉर्म घेऊन ठेवा.

महाराष्ट्रात फिरायचं असेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास बघा. चार किंवा सात दिवसांचा मिळतो, कुठेही चढा, कुठेही उतरा. सात दिवसांच्या पासावर मी आणि माझी मैत्रीण मिरजेहून कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी, गणपतीपुळे, चिपळूण, महाबळेश्वर करून परत आलो. तीन रात्री नातेवाइकांकडे काढल्या. गावोगावी मावशी-आत्या असणं ही या महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी हॉटेल चेन आहे.

६. पैसे

बंगळूरला मला महिन्याला १२,००० मिळायचे. पीजी तिघींच्या खोलीत ७,५००, दोन वेळचं जेवण धरून. मेट्रो-बस, चहा-इडली, रविवारचं फिरणं यांत बाकीचे जायचे आणि थोडेसे घरून यायचे. म्हणजे ‘स्टायपेंडमधून फिरेन’ हा हिशोब शहरात राहून केला तर जमत नाही. जमतो तो घरी राहून इंटर्नशिप केली तर. कारखान्याचे मिळाले फक्त ४,०००, पण ते सगळे शिल्लक राहिले, कारण डबा आईचा आणि जाणं-येणं कारखान्याच्या बसने.

यावरून माझा एक सल्ला, पटला तर घ्या. पहिली इंटर्नशिप घराजवळ करा आणि त्या उन्हाळ्यात लांब फिरा. दुसरी लांब करा आणि तिथल्याच आसपास फिरा. मी दुसऱ्या वेळी दोन्ही लांब केलं. स्पितीला चौदा दिवसांत साधारण १४,००० लागले आणि त्यातले ६,००० दादाकडून उसने होते. तो अजून त्याचा विषय काढतो.

पीजी घेताना डिपॉझिट किती आणि सोडताना किती कापणार, हे आधीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. ‘मेंटेनन्स’ म्हणून निघताना माझे १,५०० कापले. भांडायला वेळ नव्हता, संध्याकाळी गाडी होती. मालकांना हे बरोबर माहीत असतं.

७. घरी कसं सांगायचं

मुलांना कदाचित ही पायरी लागणार नाही. मला लागली. ‘जाऊ का?’ असं विचारलं की उत्तर ‘बघू’ येतं, आणि बघू म्हणजे नाही. मी एका कागदावर लिहून दिलं: कोणत्या दिवशी कुठे, मुक्कामाच्या जागेचा फोन नंबर, सोबत कोण, त्यांच्या आईचा नंबर, परतीच्या गाडीचं नाव आणि वेळ. आईने तो कागद फ्रिजवर चिकटवला. रोज रात्री नऊला एक मेसेज, आणि जिथे फोन लागणार नाही ते दिवस कागदावर आधीच लाल रंगात. बाबांनी एकच अट घातली, अनोळखी गावात रात्री बाराच्या पुढे उतरायचं नाही. मला आधी राग आला. पण गाड्या निवडताना ती अट लावली तर फारसं काही अडत नाही.

८. शनिवार-रविवारचं गणित

शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी थेट ऑफिसला, हे एकदा करून बघायला हरकत नाही. मी हंपीहून तशीच आले, सकाळी सव्वासहाला उतरले, पीजीत अंघोळ, नऊला डेस्कवर, आणि अकराच्या मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवून झोपले. कोणी काही बोललं नाही. फक्त त्या आठवड्यात चांगलं काम शेजारच्या मुलाला गेलं.

एक रविवार बाहेर, एक रविवार आत, असा क्रम ठेवा. आतल्या रविवारी कपडे धुवा आणि डायरी लिहा. डायरी म्हणजे भावना नव्हे: कोणत्या तारखेला कोणतं मशीन, काय माप, कोणी काय सांगितलं. कॉलेजला रिपोर्ट द्यायचा असतो आणि शेवटच्या रात्री सहा आठवडे आठवत नाहीत. माझ्या साखर कारखान्याच्या रिपोर्टात सगळ्यात जास्त मार्क ज्या आकृतीला मिळाले ती मी मिलच्या बाजूला उभं राहून, ग्रीसच्या बोटांनी, डब्याच्या कागदावर काढली होती.

पुण्यात इंटर्नशिप करणाऱ्यांना एक दिवस फुकट आहे. जून-जुलैत पालख्या येतात तेव्हा पुण्यात मुक्काम करून ज्ञानोबांची पालखी दिवे घाटातून सासवडला जाते. एक दिवस चाला. सुट्टी मागायला यापेक्षा चांगलं कारण कुठल्याही साहेबापुढे नाही, तो स्वतःच विचारतो कुठे भेटायचं.

९. शेवटचा आठवडा

काम संपवून थेट प्रवासाला निघणार असाल तर सामानाची सोय आधी करा. लॅपटॉप, रिपोर्टच्या फाइली आणि सेफ्टी शूज घेऊन ट्रेकला जाता येत नाही. मी एक खोकं भरून गावाकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलं आणि बाबांनी ते मिरजेच्या स्टॉपवर उतरवून घेतलं. लॅपटॉप मात्र बंगळूरच्या मैत्रिणीकडे ठेवला आणि तो नंतर महिनाभर परत आला नाही; रिपोर्ट मी सायबर कॅफेत टाइप केला.

सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय शहर सोडू नका. ‘मेलवर पाठवतो’ हे वाक्य ऐकलं की खुर्ची ओढून तिथेच बसा. सहीचा माणूस शुक्रवारी रजेवर असतो, म्हणून मंगळवारी विचारा, बुधवारी मसुदा स्वतः टाइप करून द्या, गुरुवारी शिक्का घ्या. नाव, तारखा आणि तास तिथल्या तिथे वाचून बघा. माझ्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. ते बदलून घ्यायला पाऊण तास गेला आणि दिल्लीच्या कर्नाटक एक्स्प्रेसच्या मी शेवटच्या डब्यात चढले आणि मग आतून चालत चालत माझ्या बर्थपर्यंत गेले.